केकची कुळकथा

सन १६६८ च्या जानेवारीची सहावी तारीख. ख्रिस्तजन्माच्या उत्सवाचा शेवटचा दिवस. लंडनच्या आरमारी कचेरींतील एक अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें त्या रात्रीं इष्टमित्रांस घरीं बोलाविलें होतें. नाचगाणें झालें, आणि एक केक कापण्यांत आला. मंडळी वीस जमली होती, म्हणून तुकडेहि वीस केले. पीप्स हा मोठा हिशेबी गृहस्थ. केकला जवळजवळ वीस शिलिंग खर्च आला हें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविलें आहे, आणि तो आमच्या जेननें केला, एवढेंहि लिहिलें आहे. जेन ही त्याच्या घरची मोलकरीण. त्या काळीं अशा मोलकरणीचें वार्षिक वेतन तीन-चार पौंडांच्या घरांत असे. म्हणजे त्या एका केकच्या सामग्रीस तिचा तीन-चार महिन्यांचा पगार पुरा पडला असता. तो फसता तर काय होतें, ही कल्पना मला नेहमीं अस्वस्थ करिते.

केक हा घरगुती कौतुकाचा आणि चहा-कॉफीबरोबरचा किरकोळ पदार्थ, असा आपला समज असतो. इतिहासाच्या प्राध्यापकानें त्यावर लिहावें हें माझ्या कांहीं सहकाऱ्यांस रुचणार नाहीं. परंतु हा पदार्थ फुगतो कशानें, आणि तो फुगविण्याचे कष्ट कोणीं घ्यावयाचे, या दोन प्रश्नांचीं उत्तरें गेल्या चारशें वर्षांत वारंवार बदललीं आहेत. आणि प्रत्येक बदलाबरोबर घरांतील बाईच्या दिवसाचा आकार बदलला आहे.

सतराव्या शतकांतील इंग्रजी केक आजच्या वाचकास ओळखूं येणार नाहीं. ती वस्तुतः श्रीमंताघरची रोटीच होती. पिठांत लोणी, मसाले आणि भरपूर सुकीं द्राक्षें घालावयाचीं, आणि बिअरच्या पिंपावर जमणाऱ्या फेसानें तें सारें आंबवून फुगवावयाचें. गर्व्हेज मार्कहॅमनें १६१५ सालीं इंग्रज गृहिणींसाठीं जो ग्रंथ लिहिला त्यांत बॅन्बरी गांवच्या केकची कृति आहे, आणि तींत याच फेसाचा उपयोग सांगितला आहे. आमच्या गोव्यांत पोदेर माडाच्या सुरेनें पावाचें पीठ आंबवीत असत, त्यांतलाच हा प्रकार. यांत फुगविण्याचें काम सूक्ष्म जीव करितात. माणसानें ऊब द्यावयाची आणि वाट पाहावयाची. पण लोणी आणि साखर यांचें प्रमाण वाढत चाललें कीं हे जीव मंदावतात, आणि बिअरच्या फेसाचा कडवटपणाहि नाजूक पदार्थांत जिभेस जाणवतो. म्हणून अठराव्या शतकांत हें काम त्यांच्याकडून काढून अंड्यांकडे, म्हणजे खरें पाहतां अंडीं फेटणाऱ्या हाताकडे, सोंपविण्यांत आलें.

या हाताची हकीकत हॅना ग्लास या बाईच्या १७४७ सालच्या पाकशास्त्रांत स्पष्ट वाचावयास मिळते. पौंड केकसाठीं ती एक पौंड लोणी, एक पौंड पीठ, एक पौंड साखर आणि बारा अंडीं घेण्यास सांगते. अंड्यांतील पांढरें मात्र निम्मेंच. लोणी मातीच्या भांड्यांत हातानें, एकाच दिशेनें, दाट साईसारखें होईपर्यंत फेटावयाचें. मग सर्व जिन्नस मिसळून हातानें किंवा मोठ्या लाकडी चमच्यानें पुन्हां तासभर फेटीत बसावयाचें. तासभर! आणि ही केवळ अखेरची पायरी. त्यापूर्वीं साखरेचा दगडासारखा घट्ट सुळका चिमट्यानें फोडावयाचा, कुटावयाचा, चाळावयाचा; मनुकांतील बिया एकेक करून काढावयाच्या; पीठ शेगडीपुढें वाळवावयाचें. भट्टीस तापमापक नसे. आंत हात घालून किती वेळ सोसवतो यावरून उष्णतेचा अंदाज घ्यावयाचा.

एकाच दिशेनें फेटण्याचा नियम वाचला तेव्हां मला माझी आई आठवली. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं ओव्हन नव्हता. वाढदिवसाचा केक कुकरच्या तळाशीं वाळू घालून, झाकणाची शिटी काढून भाजला जाई. त्याआधीं आई परातींत लोणी आणि पिठीसाखर घेऊन तळहातानें फेशीत बसे. मध्येंच मला बसवून ती शेजारीं डोकावून आली तर परत येतांच विचारी, "उलटा हात तर नाहीं ना फिरवलास?" हॅना ग्लासचें नांव तिनें कधीं ऐकिलें नव्हतें. दिशा बदलल्यानें वस्तुतः कांहींच बिघडत नाहीं. पण एक तास ज्यास हात फिरवावयाचा आहे त्यास कांहींतरी नियम लागतो, असें मला वाटतें.

फेटण्याचें शास्त्र असें कीं, साखरेचे कण लोण्यांतून घासत जातांना त्यांत हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकवितात. भट्टीच्या उष्णतेनें हे बुडबुडे प्रसरण पावतात, आणि त्यांच्याभोंवतीं अंडें व पीठ घट्ट होऊन तें घर कायम राहतें. जितके बुडबुडे, तितका केक हलका. म्हणजे केकमधील प्रत्येक पोकळी ही कोणाच्या तरी खांद्याच्या दुखण्यानें विकत घेतलेली असे. श्रीमंत घरांत तो खांदा दासीचा असे. आणि साखरेचा विचार केला तर समुद्रापलीकडे वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांचे खांदे होतेच. १७९१ मध्यें इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली, ही गोष्ट पाकशास्त्राच्या इतिहासांतहि लिहिली पाहिजे. पुढें साखर स्वस्त होत गेली आणि १८७४ सालीं ब्रिटिश सरकारनें तिच्यावरील जकात पूर्ण उठविली. मग मध्यम वर्गाच्या टेबलावर रोज केक दिसूं लागला.

जर्मनींत याच पदार्थाचा संसार कॉफीबरोबर थाटला गेला. १७१५ सालीं लाइपझिग येथें छापलेल्या स्त्रियांच्या एका कोशांत, आळीपाळीनें एकमेकींच्या घरीं जमून कॉफी पिणाऱ्या बायकांच्या मंडळास स्वतंत्र शब्द दिलेला आढळतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यास कॉफीपायीं परदेशीं जाणारा पैसा खुपत असे. १७८१ मध्यें त्यानें कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला, आणि निवृत्त शिपायांस गल्लोगल्लीं वास घेत हिंडण्याच्या कामावर नेमिलें! राजा वारल्यावर ही घाणेंद्रियांची पलटण मोडण्यांत आली. बायकांचीं मंडळें मात्र चालूच राहिलीं. आणि कॉफीबरोबर स्वतःच्या हातचा केक मांडणें हा यजमानिणीच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला.

हातास पहिली सुट्टी मिळाली ती राखेनें. अमेरिकेंत जंगलें तोडून जाळीत, आणि त्या राखेंतून निघणारा शुद्ध क्षार, ज्याला तिकडे पर्लॅश म्हणत, कांच व साबण यांसाठीं विकीत. संयुक्त संस्थानांचें पहिलें पेटंट १७९० सालीं दिलें गेलें तें हा क्षार काढण्याच्या सुधारलेल्या पद्धतीस. त्यावर अध्यक्ष वॉशिंग्टनची सही आहे. १७९६ मध्यें ॲमेलिया सिमन्स हिचें छोटें पाकपुस्तक निघालें, त्यांत हाच क्षार केक फुगविण्यास घालावा असें सांगितलें आहे. आपल्याकडे पापडखार वापरणाऱ्या सुगरणींस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. क्षारास आंबटाची गांठ पडली कीं वायु सुटतो. ताक आणि सोडा घालून भजीं-ढोकळे हलके करणारी प्रत्येक बाई हें रसायन जाणते. अडचण एवढीच कीं ताकाचा आंबटपणा रोज निराळा. क्षार उरला तर केकला साबणाची चव येई.

हें माप बांधून देण्याचें काम औषधविक्यांनीं आणि रसायनज्ञांनीं केलें. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीस अंडीं आणि यीस्ट दोन्हीं सोसत नसत. तिच्यासाठीं त्यानें १८३७ मध्यें अंड्यांवांचून कस्टर्ड आणि १८४३ मध्यें बेकिंग पावडर सिद्ध केली. पाकशास्त्रांतील एक मोठा शोध एका बाईच्या पथ्यापायीं लागावा, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते. पुढें जर्मनींत लीबिगच्या हाताखालीं शिकलेल्या हॉर्सफर्ड या अमेरिकन प्राध्यापकानें १८५६ मध्यें हाडांपासून मिळणाऱ्या फॉस्फेटच्या आंबट क्षाराचें पेटंट घेतलें. आणि १८९१ मध्यें बीलेफेल्ड येथील औषधविक्या डॉ. ऑगस्ट ऑटकर यानें बरोबर अर्ध्या किलो पिठास पुरेल अशी पुडी दहा फेनिगांस विकावयास काढली. ऑटकरची खरी कल्पकता रसायनांत नव्हे, मापांत होती. नवशिक्या मुलीचा केकहि आतां बसत नसे.

पैसा आला तेथें भांडणें आलींच. अमेरिकेंत तुरटीच्या जातीचीं द्रव्यें घातलेली स्वस्त पावडर निघाली, तेव्हां महाग पावडर विकणाऱ्यांनीं तिला विष ठरविण्याचा चंग बांधिला. मिसूरी संस्थानानें १८९९ मध्यें तिच्यावर बंदी घातली, आणि १९०३ मध्यें उघडकीस आलें कीं हा कायदा टिकविण्यासाठीं कायदेमंडळांत लांच वाटली गेली होती. तेथील उपगव्हर्नरास त्या प्रकरणीं राजीनामा द्यावा लागला.

एवढें सगळें झाल्यावर बाईचा वेळ वांचला कां? १८७० मध्यें प्रॉव्हिडन्सच्या टर्नर विल्यम्सनें दोन चक्रांच्या अंडीं फेटण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां तसें वाटणें साहजिक होतें. पण रूथ श्वार्ट्झ कोवान या विदुषीनें १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे कीं, घरकामाचीं साधनें सुधारलीं तसतशा अपेक्षाहि वाढल्या. यंत्र आलें, आणि दहा-बारा अंड्यांचें नुसतें पांढरें फेटून करावयाचा ‘एंजल’ केक व थरावर थर रचलेले केक रूढ झाले. दासी गेली, यंत्र आलें, आणि तिचें काम मालकिणीकडे आलें. माझ्या मतें बेकिंग पावडरीवर मात्र हा आरोप अन्यायाचा होईल. तिनें गरिबाघरीं केक पोहोंचविला. तरी एक मर्यादा ध्यानांत ठेवावी: पावडर नवे बुडबुडे फारसे निर्माण करीत नाहीं, फेटून आधीं अडकविलेल्या बुडबुड्यांतच वायु भरते. हात अजून पुरता सुटलेला नाहीं.

तयार पिठाची कथा तर सर्वतोमुखीं आहे. नुसतें पाणी घालावयाच्या पिठानें बायकांस अपराधी वाटूं लागलें, म्हणून १९५० च्या दशकांत एका मानसशास्त्रज्ञानें ताजें अंडें घालूं द्या असा सल्ला दिला, असें सांगतात. गोष्ट चटकदार आहे. परंतु पिट्सबर्गच्या डफ कंपनीनें १९३३ सालींच पेटंटच्या अर्जांत गृहिणींस ताजीं अंडीं घालणें अधिक पसंत असतें असें लिहून ठेविलें होतें. अपराधाची भावना असो वा नसो, ताज्या अंड्यानें केक चांगला होतो, हें साधें कारण पुढच्या कथाकारांस पुरेसें वाटलें नसावें.

आपल्याकडे हा पदार्थ आला तो धर्माच्या उंबरठ्यावर अडखळत. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, तेव्हां रानडे-टिळकांसारख्यांसहि प्रायश्चित्ताच्या वादांतून सुटतां आलें नाहीं. अंड्याची अडचण तर पुष्कळ घरीं त्यानंतरहि उरली. आमच्या आजीस अंडें चालत नसे. म्हणून आई दोन केक करी. दुसरा दही आणि सोड्याचा. तो कुकरमध्यें निराळ्या भांड्यांत, आणि आधीं भाजला जाई. कापतांना आजीचा तुकडा नेहमीं अधिक उंच निघे, आणि आई त्याबद्दल दरवेळीं थोडी नाराज असे.

पीप्सनें जेनच्या केकचा खर्च लिहिला, तुकडे लिहिले. तिनें तो कसा केला, किती वेळ मळला, भट्टीपुढें ती किती वाजतां बसली, यांतलें कांहीं लिहिलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १६६९ मध्यें, तिनें पीप्सच्याच घरांतील टॉम एडवर्ड्सशीं लग्न केलें, आणि ती त्या घरांतून गेली.