नर्सरी बाग आणि आपला हातभार

सिद्धार्थनगरजवळची नर्सरी बाग ही कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी बाग. राजर्षी शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांचे पहिले स्मारक या बागेत उभे राहिले. ते कुणा सरदार-इनामदाराने नव्हे, तर गंगाराम कांबळे आणि आपल्या अस्पृश्य समाजाने पदरमोड करून!

हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून याच गंगारामांना मार बसला होता. महाराजांनी त्यांना हॉटेल घालायला लावले, आणि स्वतः तिथला चहा घेतला. त्या चहाची ही परतफेड.

पुढे बागेत महाराजांचे समाधीस्मारक झाले, २०२० साली त्याचे लोकार्पणही झाले. पण बाग नुसत्या दगडाने राहत नाही, तिला हात लागतात. पावसाळा सरल्यावर आम्ही विहारातली मंडळी खुरपी-पाट्या घेऊन गवत काढायला गेलो. पोरं कंटाळली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पाणी शिवलं म्हणून आपल्या माणसानं मार खाल्ला. आता झाडाला पाणी घालायचा कंटाळा करताय व्हय रं?"

पुन्हा कुणी कुरकुरले नाही. महिन्यातून एक रविवार, घरटी एक माणूस; एवढे तर आपण सहज करू.