श्योनाउची तार

एप्रिल १९८६मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि किरणोत्सारी ढग वाऱ्याबरोबर दक्षिण जर्मनीपर्यंत आले. मुलांना वाळूत खेळू द्यायचं का, दूध द्यायचं का, असे प्रश्न घरोघरी पडले. ब्लॅक फॉरेस्टमधलं श्योनाउ हे जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. तिथल्या काही पालकांनी गट केला. त्यात पाच मुलांचे आईवडील असलेले उर्सुला आणि मिखाएल स्लाडेक होते. ती शिक्षिका, तो डॉक्टर. वीजधंद्याचा अनुभव दोघांनाही नव्हता.

सुरुवात घरगुतीच होती. गावात वीजबचतीच्या स्पर्धा घेतल्या. पण कमी वीज वापरणाऱ्याला स्वस्त पडेल असे दर ठेवा, ही मागणी घेऊन ते वीज कंपनीकडे गेले, तेव्हा तिने दाद दिली नाही. साहजिकच आहे, वीज खपली तरच तिची कमाई. तंत्रज्ञान हाताशी होतं. तळघरात बसणारी, वीज आणि उष्णता दोन्ही देणारी छोटी यंत्रं होती, सौर पॅनेलही होती (महाग, पण होती). ग्राहकाच्या हातात मात्र काहीच नव्हतं, कारण खांब आणि तारा कंपनीच्या. वीज कोणाकडून घ्यायची, हे तारेचा मालक ठरवत असे.

तेव्हा या मंडळींनी तारच विकत घ्यायचं ठरवलं!

गावाचा कंपनीशी असलेला करार १९९४मध्ये संपणार होता. तो आधीच वाढवून दिलात तर एक लाख मार्क देऊ, असं कंपनीने १९९०मध्ये सांगितलं. पालकांनी वर्गणी काढून तेवढीच रक्कम देऊ केली. नगरपरिषदेने तरीही कंपनीच्या बाजूने कौल दिला. तो निर्णय ऑक्टोबर १९९१च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतांनी फिरला. पुढे परिषदेने नागरिकांच्या वीज संस्थेला परवाना दिला, तर आता विरोधकांनी सार्वमत मागितलं. मार्च १९९६मध्ये नागरिक पुन्हा जिंकले, पण जेमतेम ५२ टक्क्यांनी. गाव अक्षरशः दुभंगलेलं होतं. जवळजवळ अर्ध्या लोकांना दिवे विझण्याची किंवा दर वाढण्याची भीती वाटत असेल, तर त्यांना मूर्ख म्हणता येत नाही.

मग किंमत. कंपनीने जाळ्याचे ८७ लाख मार्क मागितले. नागरिकांच्या हिशेबाने ते निम्म्याहून कमी किमतीचं होतं. एका जाहिरात संस्थेने फुकटात देशव्यापी मोहीम करून दिली. अणुभट्टीतल्या बिघाडासाठी जर्मनमध्ये असलेला शब्द उचलून सामान्य माणसं पोस्टरवरून म्हणू लागली, ‘मी एक बिघाड आहे’. देणग्या आल्या. जुलै १९९७मध्ये सुमारे ५८ लाख मार्क मोजून जाळं गावकऱ्यांचं झालं. मागितलेली किंमत अवाजवी होती हे पुढे न्यायालयीन वादातून स्पष्ट झालं आणि फरकाची रक्कम परत मिळाली.

१९९८मध्ये जर्मनीने वीजबाजार खुला केला. आता दूरच्या शहरातला ग्राहकही तारेचा मालक न बदलता पुरवठादार बदलू शकत होता. श्योनाउची वीज देशभर विकली जाऊ लागली. फुकुशिमानंतर ग्राहक लाखावर गेले. या ग्राहकांच्या भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज शेजाऱ्याच्या विजेहून काही वेगळी नसते. वेगळी असते ती पैशाची वाट. बिलात युनिटमागे एक छोटी रक्कम जास्तीची असते, ‘सूर्य-सेंट’ नावाची. ती कोणाच्या तरी छपरावरच्या नव्या पॅनेलला जाते, नाहीतर तळघरातल्या यंत्राला. श्योनाउच्या चर्चच्या छपरावरही पॅनेल बसली आहेत.