बक्षिसाचं पाकीट आणि बारीक अक्षरं

आज आपण एका पाकिटाचा इतिहास पाहणार आहोत.

१९९०च्या दशकात अमेरिकेत अशी पाकिटं घरोघरी येत. ठळक अक्षरांत आपलं नाव, आणि लक्षावधी डॉलर्स आपल्यालाच मिळाल्याची घोषणा. तिच्या आधी बारीक टाइपात एक अट असे: विजेता क्रमांक तुमच्याकडे असेल आणि तो मुदतीत परत पाठवलात, तर. आत मासिकांच्या वर्गणीचा फॉर्म. मासिक न घेताही सोडतीत भाग घेता येत असे, पण घेतलं तर संधी वाढेल असं वाटावं अशीच सगळी मांडणी. अनेक वृद्धांनी वर्गणीवर वर्गणी भरली. काही जण तर बक्षीस घ्यायला विमानाने फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात जाऊन पोहोचले!

आपण चटकन म्हणतो, 'अहो, नीट वाचायला नको का?' या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे. सावध कोणी राहायचं, वाचणाऱ्याने की पाठवणाऱ्याने?

टपालातून फसवणूक करणं अमेरिकेत १८७२ पासून गुन्हा आहे. त्या काळी लुइझियाना लॉटरीची तिकिटं देशभर टपालानेच विकली जात. १८९० मध्ये काँग्रेसने लॉटरीचं टपाल बंद केलं आणि त्या धंद्याचा कणा मोडला. पण कायद्याच्या लेखी लॉटरी ठरायला तीन गोष्टी लागतात: बक्षीस, नशीब आणि भरलेले पैसे. विक्रेत्यांनी पुढे तिसरी गोष्ट कागदोपत्री काढून टाकली. 'खरेदीची गरज नाही' एवढं कुठेतरी छापलं, की ती लॉटरी उरत नाही.

मग शब्द खरे असतील तर फसवणूक म्हणायची कशाला? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच एका मासिकाच्या कोडे-स्पर्धेच्या खटल्यात दिलं होतं. जाहिरात कोड्यांची आणि ३ डॉलर्स प्रवेश फीची होती. विजेता मात्र शेवटी निबंधासारख्या पत्रावरून ठरायचा होता. नियमांत ते लिहिलेलं होतं. तरीही न्यायालय म्हणालं, की प्रत्येक वाक्य सुटंसुटं खरं असूनही संपूर्ण जाहिरात दिशाभूल करणारी असू शकते.

तरी पाकिटं येतच राहिली. १९९९ मध्ये सिनेटर सुसान कॉलिन्स यांच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि १२ डिसेंबर १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. खरेदीची गरज नाही आणि खरेदीने संधी वाढत नाही, हे पत्रात, नियमांत आणि ऑर्डर फॉर्मवरही ठळकपणे सांगणं बंधनकारक झालं. बक्षीस लागण्याची शक्यता किती, तेही सांगायचं. न जिंकलेल्याला विजेता म्हणायचं नाही. यादीतून नाव काढून घ्यायची सोय द्यायची. दंड १० लाख डॉलर्सपर्यंत.

म्हणजे बारीक अक्षरं शोधण्याचं ओझं वाचणाऱ्यावरून उतरलं, आणि ती मोठी करण्याचं ओझं पाठवणाऱ्यावर आलं. आपल्याकडेही २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा, द्यायचंच नाही असं बक्षीस जाहीर करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो.

तेव्हा घरातलं कोणी वडीलधारं अशा संदेशाला फसलं, तर 'वाचलं नाहीस का?' हा प्रश्न आधी त्यांना नको. असं लिहिलं कोणी आणि का, हे आधी विचारूया.