गाडी जाते आणि गाडी थांबते

गावाचा इतिहास सांगताना विद्वान मंडळी बहुधा देवळापासून किंवा एखाद्या लढाईपासून आरंभ करतात. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमची नजर प्रथम वाटेकडे जाते. माल कोणत्या वाटेने गेला आणि माणूस कोणत्या वाटेने कामाला गेला, एवढे कळले की गाव का वाढले किंवा का ओस पडले, याचा अर्धा उलगडा होतो.

सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल मुरबाडच्या मुलखातून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक आजही दाखवितात. आज आडबाजूची म्हणून ओळखली जाणारी गावे त्या काळी हमरस्त्यावर होती.

पुढे आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून ठाण्यास पोचली आणि १ मे १८५४ पासून कल्याणपर्यंत धावू लागली. कल्याणहून एक फाटा थळघाटाकडे गेला, दुसरा बोरघाटाकडे. देशावरचा कापूस बंदरास आणावा, हा त्यातील मोठा हेतू. मुरबाड या दोन फाट्यांच्या बेचक्यात राहिले ते राहिलेच. त्या तालुक्यात आजही रेल्वे धावत नाही. तेथील माणूस एस. टी.ने कल्याण गाठतो, तेव्हा कोठे त्याला लोकल दिसते.

परंतु रूळ दारावरून गेले म्हणजे भाग्य उजळले, असेही नाही. डोंबिवलीचेच पाहा. भातशेतीचे हे लहानसे गाव. १८५४ पासून गाडी त्याच्या शिवारातून जात होती. स्टेशन झाले ते १८८७ च्या सुमारास. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ गावकऱ्यांनी गाडीचा धूर तेवढा पाहिला. गाडी थांबू लागल्यावर स्वस्त भाड्याची जागा शोधणारा मुंबईचा चाकरमान्या हळूहळू इकडे वळला. १९६० नंतर औद्योगिक वसाहत आली, कारखाने आले. २०११ च्या शिरगणतीत कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती १२ लाख ४६ हजारांच्या वर भरली. हे काम रुळांनी केले नाही, थांब्याने केले.

याची उलट बाजू दिव्याने दाखविली. १९१६ साली पारसिकचा मोठा बोगदा झाला आणि जलद गाड्यांना कळवा-मुंब्र्याचा वळसा चुकला. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचला, पण मधल्या गावांच्या वाट्यास धीम्या गाड्याच राहिल्या. दिव्यात जागा स्वस्त, म्हणून वस्ती वाढत गेली. जलद गाडी मात्र न थांबता निघून जाई. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्याचे प्रवासी रुळांवर उतरले, दगडफेक झाली, सबंध मार्ग ठप्प झाला. दगडफेकीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु रोज हजेरी चुकणाऱ्या माणसाचा राग समजून घेतल्यावाचून इतिहास लिहिता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे जलद गाड्या थांबू लागल्या.

आणि थांबा मिळाला तरी आत पाय ठेवायला जागा हवी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असता दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, आणि त्यांपैकी काही जण प्राणास मुकले. ते कामावर निघालेले लोक होते.

वस्ती आधी आणि वाट मागाहून, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. इमारतीस परवानगी देणारे कार्यालय एक, गाड्या सोडणारे दुसरे. मधल्या फटीत कामकरी माणूस सापडतो. शिरगणतीत माणूस मोजला जातो, परंतु वेळापत्रकात त्याची जागा कोण मोजतो? नवी वसाहत मंजूर होण्यापूर्वी हा प्रश्न नगरपित्यांना विचारण्याचा हक्क आपणां सर्वांस आहे, आणि तो आपण बजाविला पाहिजे.