पूर्णविराम आला, मोठे अक्षर आले नाही

इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. मराठी माध्यमातील मूल वाक्याच्या शेवटी टिंब द्यायला लवकर शिकते. कधी विसरलेच, तर एकदा आठवण दिली की पुरते. मोठ्या अक्षरांचे मात्र तसे होत नाही. सातवीत, दहावीत, कधी कधी पदवीच्या वर्गातही वाक्य लहान अक्षराने सुरू होते. गावाचे नाव लहान अक्षराने लिहिले जाते, आणि 'मी' या अर्थाचा 'आय' ओळीत काडीसारखा बारीक उभा असतो. याउलट काही मुले वाक्याच्या मधल्याच एखाद्या शब्दाला, तो महत्त्वाचा वाटला म्हणून, मोठे अक्षर देऊन टाकतात.

आपण याला निष्काळजीपणा म्हणतो आणि गुण कापतो. पण दोन्ही नियम एकाच वर्गात, एकाच शिक्षकाने शिकवलेले असतात. मग एक अंगवळणी पडतो आणि दुसरा पडत नाही, असे का? याचे उत्तर मुलाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा आपल्या लेखनाच्या इतिहासात शोधले तर अधिक हाती लागते.

चार लिप्यांचा मुलूख

उदाहरणादाखल धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले जळकोट घेऊ. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गजवळचे हे गाव. या भागातील माणसांचा गेल्या दोनशे वर्षांत किती लिप्यांशी संबंध आला?

गावचा हिशेब आणि जमिनीची कागदपत्रे कुलकर्ण्याच्या दप्तरात, ती मोडीत. पोथ्या आणि अभंगांच्या वह्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. राज्य निजामाचे, त्यामुळे वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने बाजारात आणि सोयरिकीत कानडीही होती. इंग्रजीशीही या मुलखाची गाठ पडली होती. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्गचा भाग निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक मेडोज टेलर तेथे अधिकारी म्हणून राहत होता. पण ती इंग्रजी साहेबाच्या दप्तरापुरती होती. गावातल्या मुलाच्या पाटीवर ती यायला बराच काळ जावा लागला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली.

आता मोडी, देवनागरी, उर्दू आणि कानडी या चारही लिप्यांकडे एका दृष्टीने पाहा. यांपैकी एकीतही मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नाही. उर्दूत अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी आले तर त्याचे रूप बदलते, पण तो बदल केवळ जोडणीचा असतो. शब्द माणसाचे नाव आहे की साधे नाम, हे त्यावरून कळत नाही. म्हणजे इंग्रजीचे मोठे अक्षर या मुलखाला सर्वस्वी नवे आहे. आपल्या मुलापुढे तो केवळ एक नवा नियम नसतो, तर लिपीविषयीची एक नवी कल्पना असते.

मोडीचा वाचक कसा वाचत असे?

मोडीत तर विरामचिन्हेही नव्हती. लेखक आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि त्या रेघांना अक्षरे टांगत जाई. लेखणी शक्यतो उचलायची नाही, हाच या लिपीचा फायदा. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. तरीही राज्यांचा कारभार शतकानुशतके या लिपीत चालला. तो कसा?

याचे उत्तर असे, की आज जे काम आपण चिन्हांकडून करून घेतो, ते त्या काळी शब्दांकडून आणि शिक्क्यांकडून करून घेतले जात असे. पत्राचा मायना ठरलेला असे. 'विनंती उपरी' आले की मायना संपला आणि मजकूर सुरू झाला. 'बहुत काय लिहिणे' आले की मजकूर आटोपला. पुढे कोणी पदरचे काही घुसवू नये म्हणून पत्राच्या शेवटी लहान शिक्का उमटवीत. त्याला मोर्तब म्हणत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत, म्हणजे येथे मजकुराची मर्यादा झाली. संपूर्ण पत्राचा हा पूर्णविरामच म्हणायचा. आपण आजही 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो, तेव्हा नकळत त्या पूर्णविरामाची आठवण काढतो.

मोठ्या अक्षराचे कामही असेच होई. 'मौजे जळकोट', 'कसबे तुळजापूर', 'परगणे नळदुर्ग' असे लिहिले, की पुढचा शब्द गावाचे किंवा मुलखाचे नाव आहे हे वाचकाला कळे. 'राजश्री', 'चिरंजीव', 'तीर्थरूप' आले की पुढे माणसाचे नाव येणार. इंग्रजी लेखक नावाचे पहिले अक्षर मोठे करून जे सांगतो, ते आपला कारकून नावाआधी एक शब्द ठेवून सांगत होता. जमिनीच्या कागदपत्रांत 'मौजे' हा शब्द आजही भेटतो.

भाषेच्या घडणीचाही हातभार होता. मराठी वाक्यात क्रियापद साधारणपणे शेवटी येते. 'गेला', 'दिले', 'आहे' कानी पडले की वाक्य संपल्याची चाहूल लागते. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते आणि त्यापुढे शब्दांमागून शब्द जोडता येतात. तेथे वाक्य कोठे संपले हे डोळ्यांना वेगळे सांगावे लागते.

तरी ही व्यवस्था निर्दोष नव्हती. मायना ठरलेला होता, पण मधला मजकूर वाचकाच्या सरावावर सोपवलेला होता. 'बैल सोडू नका बांधू' एवढेच शब्द घ्या. 'सोडू'नंतर थांबलो तर बैल सोडायचे, 'नका'नंतर थांबलो तर बांधायचे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असेल तोवर ठीक. शंभर वर्षांनी तोच कागद दुसऱ्याच्या हाती पडला म्हणजे अडचण कळते. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली, हे ताजे उदाहरण आहे.

युरोपातही असेच होते

इंग्रजीचे नियम जन्मापासून तसेच होते, असा मुलांचा समज असतो. तो खोडून काढला पाहिजे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखनातही शब्द सलग लिहिले जात आणि सगळी अक्षरे एकाच आकाराची असत. इसवी सनापूर्वी सुमारे २०० वर्षे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ॲरिस्टोफेनिस या विद्वानाने ओळीच्या वर, मध्ये आणि खाली अशी तीन उंचींवर टिंबे देण्याची कल्पना काढली. कोठे किती थांबायचे हे मोठ्याने वाचणाऱ्याला त्यावरून कळे. म्हणजे विरामचिन्हे जन्मली ती श्वासासाठी. शब्दांमध्ये जागा सोडण्याची सवय रुजवली ती सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडच्या मठवासीयांनी. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, त्यामुळे शब्द सुटे केल्याशिवाय त्यांचे अडे. परकी भाषा शिकणाऱ्यांच्या अडचणीतून जगाला एक सोय मिळाली, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

मोठी आणि लहान अक्षरे म्हणजे मुळात एकाच वर्णमालेची दोन वेगवेगळ्या काळातली वळणे. मोठी अक्षरे रोमन शिलालेखांतून आली. लहान अक्षरांचे सुबक वळण शार्लमेन या सम्राटाच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. पुढे मजकूर लहान अक्षरांत आणि आरंभ जुन्या, मोठ्या अक्षरात अशी पद्धत पडली. छापखान्यात दोन्हींचे खिळे वेगळ्या खणांत ठेवीत, मोठ्यांचा खण वर आणि लहानांचा खाली. इंग्रजीतली 'अपर केस' आणि 'लोअर केस' ही नावे त्या खणांवरून पडली.

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अर्धविराम छापला आणि स्वल्पविरामाला आजचे बाकदार रूप दिले. त्याच नावाच्या त्याच्या नातवाने १५६६ साली लिहिले, की चिन्हांचे मुख्य काम वाक्यरचना स्पष्ट करणे हे आहे. श्वासासाठी जन्मलेली चिन्हे अशी अर्थाच्या सेवेत आली. मोठ्या अक्षरांचे नियमही स्थिर नव्हते. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत साधी नामेही सर्रास मोठ्या अक्षराने छापलेली आढळतात. जर्मनीत ती पद्धत आजही आहे, इंग्रजीने ती सोडली. तेव्हा वाक्याच्या मध्येच महत्त्वाच्या शब्दाला मोठे अक्षर देणारे आपले मूल तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये चुकीचे ठरले नसते!

कँडीसाहेबांची चिन्हे

मराठीत ही चिन्हे आली ती छापखान्याबरोबर. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी मजकूर असे. दोन लेखनपद्धती वाचकापुढे अशा शेजारी-शेजारी आल्या.

मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४-१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पुरा केला, आणि शालेय पुस्तके व सरकारी भाषांतरे यांवर त्यांची दीर्घकाळ नजर होती. १८५० साली त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक निघाले. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपल्याला घरची वाटणारी मंडळी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाहुणी म्हणून आली. हिंदीने वाक्याच्या शेवटी आपला जुना दंड ठेवला, मराठीने टिंब घेतले.

पण कँडीसाहेबांना मोठे अक्षर आणता आले नाही, कारण ते आणण्यासारखे नव्हते. टिंब कोणत्याही लिपीच्या शेजारी ठेवता येते. मोठे अक्षर आणायचे तर देवनागरीची दुसरी वर्णमालाच घडवावी लागली असती, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या आधीच काही शेकड्यांत होती. आपल्या मुलाच्या वहीत टिंब सापडते आणि मोठे अक्षर हरवते, त्याचे कारण येथे आहे. टिंबाचा सराव त्याला मराठीच्या तासाला रोज होतो, मोठ्या अक्षराचा कधीच होत नाही.

विज्ञानात मोठ्या अक्षराची किंमत

ही केवळ इंग्रजीच्या शिक्षकाची डोकेदुखी नाही. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४ मध्ये मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हे दिली, तेव्हापासून रसायनशास्त्र या भेदावर उभे आहे. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू, दोन्ही मोठे असतील तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. लहान एम आणि मोठा डब्ल्यू म्हणजे मिलिवॉट, दोन्ही मोठे असतील तर मेगावॉट. दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक आहे! लहान के म्हणजे किलो, मोठा के म्हणजे केल्विन. रस्त्यावरच्या अनेक फलकांवर किलोमीटरसाठी दोन्ही अक्षरे मोठी रंगवलेली असतात. वाचणाऱ्याचे तेथे काही बिघडत नाही, पण प्रयोगवहीत बिघडते. आंब्याच्या शास्त्रीय नावात 'मॅन्जिफेरा'चे पहिले अक्षर मोठे आणि 'इंडिका'चे लहान असते, म्हणजे प्रजाती कोणती आणि जाती कोणती हे कळते. रोजच्या इंग्रजीतही मोठ्या सी-ने लिहिलेला 'चायना' हा देश आहे, लहान सी-चा म्हणजे चिनी मातीची भांडी.

वर्गात काय करता येईल?

नियमांची यादी पाठ करून घेण्याआधी पुढील तीन गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, मराठीतला एक छोटा उतारा सर्व चिन्हे आणि शब्दांमधल्या जागा काढून फळ्यावर लिहावा आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगावा. ती कोठे अडखळतात ते पाहून चिन्हे त्यांच्याकडूनच घालून घ्यावीत. चिन्ह वाचणाऱ्यासाठी असते, तपासणाऱ्यासाठी नव्हे, हे त्यातून समजते.

दुसरी, 'मौजे'ची कसोटी. इंग्रजी वाक्यातील प्रत्येक शब्दाविषयी विचारावे, याच्या आधी मौजे, श्री किंवा चिरंजीव लावता येईल का? येत असेल तर मोठे अक्षर. गावांची आणि माणसांची नावे या कसोटीने सुटतात. वार, महिने, भाषा आणि 'आय' हे कसोटीबाहेर राहतात, ते वेगळे लक्षात ठेवायला सांगावे. यादी आता लहान झालेली असते.

तिसरी, लिहून झाल्यावर वही फक्त टिंबांसाठी वाचायची. प्रत्येक टिंबापुढचे अक्षर मोठे आहे का, एवढेच पाहायचे. ओळखीच्या खुणेचा हात धरून अनोळखी खूण शोधायची.

वहीत हरवलेले मोठे अक्षर दिसले की ते जरूर दुरुस्त करावे, परीक्षेत त्याचे गुण जातात आणि पुढे प्रयोगशाळेत त्याहून अधिक काही जाऊ शकते. मात्र ते मूल चार लिप्यांच्या मुलखातून पाचवीत पाऊल टाकत आहे, हे लाल शाईने खूण करताना आपल्या ध्यानात असावे.