सांधा लपवणारी फुलं

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या जकार्ड मागाचा खडखडाट कानात असतानाच डोळे मिटा. चादरीच्या नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे तुम्ही रोज हाताळता. एक फूल कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं, हे तुमच्या बोटांना पाठ आहे. तीच बोटं घेऊन १८७७ सालच्या लंडनमध्ये, इझलिंग्टनच्या जेफ्री अँड कंपनीत या.

इथे भिंतीला लावायचा कागद हाताने छापतात. खडू आणि सरस कालवून केलेल्या रंगाचा वास पाजणीच्या खळीसारखा नाकात भरतो. समोर नक्षीकार विल्यम मॉरिसचं १८७५चं ‘अकँथस’ आहे, एकमेकांत गुरफटलेली मोठाली पानं. तेवढ्यासाठी ३० ठसे लागतात! नाशपातीच्या लाकडाचा एक ठसा उचला. मनगट वाकतं. बारीक रेघांच्या जागी पितळेच्या पट्ट्या ठोकल्या आहेत, भरीव जागी नमदा बसवला आहे.

पोऱ्या गादीवर रंग सारखा पसरतो. तुम्ही ठसा त्यावर टेकवता, कोपऱ्यातल्या टाचण्या आधीच्या खुणांवर बसल्या का ते पाहता आणि पायाने दांडा दाबता. ठसा उचलून पुढे सरकता. सगळी पट्टी एका रंगाने छापून झाली की ती वाळत टांगायची. वाळल्याशिवाय दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही. ठसा जरा सरकला, तरी पान आपल्या देठापासून तुटतं आणि भिंतीवर शेजारच्या पट्टीशी त्याचं जुळत नाही. मॉरिसची खरी करामत मला इथेच दिसते: नक्षी चौकटीत कोंडलेली, पण पानं चौकटीचा मागमूस लागू देत नाहीत. त्या करामतीची लाज राखतात ते हे छापणारे हात. कागदावर नाव मात्र मॉरिसचंच राहणार, याची मला चुटपुट वाटते.

याच वर्षी तिकडे सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळला आहे, आणि शहरात पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी सुरू होते आहे. इथे लंडनच्या क्वीन स्क्वेअरजवळ मॉरिसने फ्रान्समधल्या ल्यों शहरातून बाझँ नावाचा विणकर बोलावला आहे, जकार्ड माग उभा करायला. चला, तिकडेही जाऊ. भोकांचे पुठ्ठे ओळखीचे आहेत ना? मग बघत काय उभे राहता? बाह्या सारा आणि पुठ्ठ्यांची माळ चढवायला त्याला हात द्या.