गरम पाण्याच्या कुंडाखालची लपलेली भेग कशी शोधतात? जाणून घ्या

तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे, राजापूर. आपल्या कोकणातली ही गरम पाण्याची कुंडं सगळ्यांनाच माहीत आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरी, अकलोलीपासून राजापूरपर्यंत ती साधारण उत्तर-दक्षिण पट्ट्यात सापडतात. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि भेगेतूनच वर येतं. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकलेला असतो, तिला भ्रंश म्हणतात. पण वर जांभा, माती, शेती आणि झाडी असल्याने ती डोळ्यांना दिसत नाही. मग शोधायची कशी?

पहिली पायरी : उपग्रहाचे फोटो
वरून पाहिलं की सरळ रेषेत वाहणारी नदी, एकदम काटकोनात वळलेला ओढा, एका ओळीत असलेले डोंगरकडे दिसतात. अशा रेषांखाली भेग असू शकते. काही उपग्रह जमिनीची उष्णताही मोजतात. त्यासाठी रात्रीचे फोटो बरे, कारण दिवसा उन्हाने सगळंच तापलेलं असतं. मात्र लहान कुंड अशा फोटोत दिसेलच असं नाही.

दुसरी पायरी : मातीतला वायू
फोटोतली प्रत्येक रेषा भेग नसते. जुनी वाट किंवा शेताचा बांधही तसाच दिसतो. म्हणून त्या रेषेला आडवं चालत, ठरावीक अंतरावर जमिनीत अर्धा ते एक मीटर पोकळ सळई ठोकतात आणि मातीतली हवा ओढून तपासतात. त्यात रेडॉन, हेलियम, कार्बन डायऑक्साइड हे वायू बघतात. भेग मोकळी असेल तर तिथे त्यांचं प्रमाण आजूबाजूपेक्षा जास्त भरतं. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. म्हणून तो जास्त सापडला तर वायू झपाट्याने वर येत असावा, असा अंदाज बांधतात.

इथेही फसगत होते. शेणखत आणि मुळांमुळेही कार्बन डायऑक्साइड वाढतो. पावसाने माती भिजली की वायू अडतो. त्यामुळे हे काम कोरड्या दिवसांत करतात आणि एकाच वायूवर विसंबत नाहीत. फोटो आणि वायू दोन्ही जुळले, तरी शेवटची खात्री खोल बोअर मारूनच होते.

आपल्यासाठी महत्त्वाचं
शेतात कोणी सळई ठोकायला आलं तर घाबरू नका, पण ओळखपत्र आणि परवानगी जरूर विचारा. रेडॉन जास्त सापडला म्हणजे भूकंप होणार, असं नसतं. भूकंपाची तारीख कोणी सांगत असेल तर तो मेसेज पुढे पाठवू नका. आणि कुंडाजवळ खोल बोअर मारण्याआधी भूजल विभागाला विचारा. तीच भेग फुटली तर कुंडाचं पाणी कमी होऊ शकतं. पिढ्यान्‌पिढ्या वाहणारं पाणी एकदा आटलं, की परत आणणं आपल्या हातात राहत नाही.